माटुंग्याचें मलकुंड : एका चुकीच्या सनाचा शोध

आक्वर्थ हें नांव महाराष्ट्राच्या इतिहासाच्या अभ्यासकांस परकें नाहीं. इ. स. १८९१ त शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्या साहाय्यानें 'इतिहासप्रसिद्ध पुरुषांचे व स्त्रियांचे पोवाडे' हा संग्रह ज्यांनीं प्रसिद्ध केला, आणि १८९४ त कांहीं निवडक पोवाड्यांचें इंग्रजी पद्यांत रूपांतर करून तें लंडनांत छापविलें, तेच हे हॅरी आर्बथनॉट आक्वर्थ. अज्ञानदासाचा अफझलखानवध आणि तुळशीदासाचा सिंहगड हे पोवाडे गोंधळ्यांच्या तोंडून निघून अभ्यासकांच्या मेजावर आले, त्याचें बरेंचसें श्रेय या दोघां गृहस्थांस आहे. य. न. केळकर यांच्या 'ऐतिहासिक पोवाडे' या ग्रंथाचा पहिला भाग १९२८ त निघेपर्यंत आक्वर्थ-शाळिग्रामांचा संग्रह हेंच या विषयाचें मुख्य साधन होतें.

परंतु याच आक्वर्थांचें नांव ज्या दुसऱ्या एका कार्याशीं निगडित आहे, त्याकडे आमच्या संशोधक मंडळींचें लक्ष गेलेलें नाहीं. तें कार्य कुष्ठरोग्यांच्या आश्रमाचें व त्या आश्रमांतील मैलापाण्याचें आहे. विषय किळसवाणा वाटेल. पण ज्यांनीं वाळवीनें खाल्लेलीं व उंदरांनीं कुरतडलेलीं दप्तरें उपसलीं आहेत ते वाचक एवढ्यानें नाक मुरडणार नाहींत अशी आशा आहे.

प्रस्तुत लेखाचें निमित्त एक वाक्य आहे. सांडपाण्यापासून अथवा शेणापासून ज्वलनशील वायु काढण्याच्या विद्येचा इतिहास सांगणारीं जीं आधुनिक पुस्तकें आहेत, त्यांतील बहुतेकांच्या पहिल्या दोन-तीन पानांत अशा अर्थाचें एक विधान हटकून आढळतें कीं, या प्रकारचें जगांतील पहिलें मलकुंड इ. स. १८५९ त मुंबईच्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतींत बांधलें गेलें. इंग्रजी ग्रंथांतून तें इतर भाषांत गेलें, अहवालांत गेलें, विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत गेलें. डहाणू-तलासरीकडील झरीसारख्या एखाद्या गांवीं सांडपाण्याची सोय कशी करावी याचा विचार करणाऱ्या मनुष्याच्या हातीं आज जें मार्गदर्शक पुस्तक पडेल, त्यांतही तें असण्याचा संभव पुष्कळ आहे. विधान आपल्या अभिमानास गोड वाटणारें आहे, आणि म्हणूनच तें कोणी तपासलें नाहीं. आमच्या मतें त्यांतील सन सर्वथा चुकीचा आहे.

प्रथम आश्रमाचाच काळ पाहूं. मुंबईंत कुष्ठरोगी पूर्वींपासून होते, पण त्यांस ठिकाण नव्हतें. कांहीं भायखळ्याच्या सर जमशेटजी जिजीभाईंच्या धर्मशाळेंत पडून असत, बाकीचे रस्त्यावर. नॉर्वेंतील हॅन्सेन यानें या रोगाचे जंतु १८७३ त पाहिले. त्यामुळें रोग संसर्गजन्य असल्याची भीति सुशिक्षितांत पसरली. १८८९ त मोलोकाई बेटावर फादर डेमियन या रोगानेंच मरण पावले व त्या बातमीनें इंग्लंडांत मोठी खळबळ झाली. हिंदुस्थानांतील कुष्ठरोगाची चौकशी करण्यासाठीं १८९०-९१ त एक कमिशन येथें हिंडलें. या सर्व हालचालीच्या भरांत १८९० त आक्वर्थ मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर झाले आणि त्याच वर्षीं त्यांनीं माटुंग्यास निराश्रित कुष्ठरोग्यांचा आश्रम उघडला. हिंदुस्थान सरकारचा कुष्ठरोग्यांविषयींचा कायदा १८९८ चा. म्हणजे आश्रम कायद्याच्याही आठ वर्षें आधींचा. पुढें आश्रमास आक्वर्थांचेंच नांव मिळालें. तो आज वडाळ्याचें रुग्णालय म्हणून ओळखला जातो. माटुंगें व वडाळा हीं दोन ठिकाणें निरनिराळीं समजून कोणी दोन संस्था कल्पिल्या तर तीही चूक होईल. जुन्या कागदांतील माटुंगें हें आजच्यापेक्षां बरेंच ऐसपैस होतें.

यावरून एवढें उघड होतें कीं, जो आश्रम १८९० त निघाला त्यांत १८५९ त कुंड बांधलें जाणें शक्य नाहीं. एरवीं येथेंच वाद संपावा. परंतु आश्रमाच्या पूर्वीं मुंबईंत दुसरीकडे कोठें तरी अशी वसाहत असेल, अशी शंका कोणी काढील, म्हणून आणखी दोन प्रमाणें देतों.

एक पाण्याचें. मलकुंड म्हणजे केवळ खड्डा नव्हे. त्यांत मैला पाण्याबरोबर वाहत आला पाहिजे, आणि तें पाणी दिवसामागून दिवस सारख्या मानानें मिळालें पाहिजे. मुंबईंत विहार तलावाचें नळाचें पाणी आलें तें १८६० त. त्यापूर्वीं शहर विहिरींवर व टाक्यांवर जगत होतें. उन्हाळ्यांत प्यावयास पाणी मिळण्याची मारामार, तेथें संडास धुण्यास तें कोण देणार? तानशाचें पाणी १८९२ त आल्यावर शहराच्या उत्तरेकडील भागासही हात सैल सोडतां आला. तानसा ही वैतरणेस मिळणारी नदी. जें पाणी आजच्या पालघर जिल्ह्यांतून समुद्रास गेलें असतें त्यांतला वांटा मुंबईनें असा त्या वर्षापासून उचलला, ही गोष्ट जातां जातां ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

दुसरें प्रमाण विद्येचें. दलदलींतून निघणारा वायु पेटतो हें व्होल्टानें १७७६ त दाखविलें होतें खरें. पण हवेवांचून जगणारे सूक्ष्म जीव असतात ही गोष्ट पाश्चरनें १८६१ त मांडली. फ्रान्सांत व्हेझूल येथें मूरास नांवाच्या गृहस्थानें १८६० च्या सुमारास आपल्या घरीं बंद मलकुंड केलें, तें जगास कळलें १८८१ त. इंग्लंडांत एक्झेटर शहरचा सर्व्हेयर डोनल्ड कॅमरन यानें १८९५ त 'सेप्टिक टँक' हें नांव देऊन असें कुंड बांधलें व त्यांतील वायूवर दिवे लाविले. या परंपरेंत मुंबईचें कुंड १८५९ त घातलें तर तें मूरासाच्याही आधींचें ठरतें, आणि तें कोणीं, कशासाठीं, कोणत्या ज्ञानाच्या आधारें केलें या प्रश्नास उत्तर उरत नाहीं. याउलट १८९५ नंतर तें घातलें कीं सर्व धागे जुळतात. मुंबई म्युनिसिपालिटीचे गटारकामाचे इंजिनियर चार्ल्स कार्कीट जेम्स यांनीं पूर्वेकडील शहरांच्या मैलापाण्यावर १९०२ त एक व १९०६ त दुसरा, असे दोन ग्रंथ लिहिले. माटुंग्याचें कुंड हें त्यांच्याच कारकीर्दींतील व त्यांच्याच हातचें काम आहे. अमेरिकेंतील बझ्वेल व हॅटफील्ड या रसायनशास्त्रज्ञांनीं १९३८ त या विषयाचा जो साक्षेपी इतिहास दिला, त्यांत माटुंग्याच्या कुंडांस वायु धरण्याची योजना होती व त्या वायूवर एंजिन चालविलें जात होतें, असा उल्लेख असून साल १८९७ दिलें आहे.

तेव्हां एका बाजूस १९०२-०६ चे कर्त्याचे ग्रंथ व १९३८ चा उल्लेख, आणि दुसऱ्या बाजूस १८५९ हें साल. हें दुसरें साल ज्या पुस्तकाच्या हवाल्यानें फिरत आहे तें मेनेल यांचें वायुकुंडांवरील पुस्तक १९७६ चें. आमच्या परिभाषेंत बोलावयाचें तर जेम्सचे ग्रंथ हें अस्सल पत्र आहे आणि १९७६ चें वाक्य ही उत्तरकालीन बखर. दोहोंत विरोध आला असतां कोणास मान द्यावयाचा, हें या पत्राच्या वाचकांस सांगावयास नको. जेधे शकावलींतील एका नोंदीनें शिवजन्माचा काळ तीन वर्षांनीं हलविला, हें आपण पाहिलेंच आहे.

चूक कशी शिरली असावी? येथें आम्ही केवळ तर्क करतों. मोडी कागदांची नक्कल करतांना अंकांची उलटापालट होते हें प्रत्येक नकलकाराच्या अनुभवाचें आहे; इंग्रजी छापखान्यांतील जुळाऱ्याचे हातही त्याच मातीचे. १८९५ या सनाचे शेवटचे दोन अंक उलटले कीं १८५९ होतो. १८९५ हें एक्झेटरच्या कुंडाचें साल, आणि आक्वर्थांच्या कमिशनरीचेंही शेवटचें साल. मुंबई व एक्झेटर यांचे उल्लेख अशा पुस्तकांत लागोपाठच्या ओळींत येतात. एका ओळीचा सन दुसऱ्या ओळीस चिकटून व उलटून पुढें छत्तीस वर्षांचा प्राचीनपणा माटुंग्यास फुकट मिळाला असावा. मूरासाच्या १८६० शीं तो जवळ पडल्यामुळें कोणास खटकलाही नाहीं.

आतां कोणी म्हणेल, सन छत्तीस वर्षें इकडे काय नि तिकडे काय? फरक पडतो. १८५९ मानलें कीं माटुंग्याचें कुंड ही एक निराधार अद्भुत कथा होते. कर्ता नाहीं, कारण नाहीं, परिस्थिति नाहीं. खरा काळ धरला कीं त्यामागें माणसें, जागा व गरज दिसूं लागते, आणि त्यापासून शिकण्याजोगें कांहीं उरतें.

ती परिस्थिति अशी. त्या वेळच्या मुंबईचें मैलापाणी वरळीच्या लव्ह ग्रोव्ह येथें नेऊन समुद्रांत सोडीत. हें गटारांचें जाळें माटुंग्यापर्यंत पोंचलें नव्हतें. दादर-माटुंग्याची वस्ती आंखणारा सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट हाच मुळीं १८९८ चा. आश्रम शहराबाहेर, सखल जमिनींत, पूर्वेस मिठागरें व खाडी. त्यांत राहणारे शेंकडों रोगी. त्यांच्या मैल्याची धास्ती शहरास त्यांच्या स्पर्शाइतकीच. भंग्यांकरवीं टोपल्या वाहविणें कठीण, समुद्र दूर. म्हणजे मोठ्या शहराच्या कुशींत असूनही सांडपाण्यापुरता हा आश्रम एक लहान, एकटें गांव होता. आपला मळ आपल्याच आवारांत जिरविण्यावांचून त्यास गत्यंतर नव्हतें. आक्वर्थांनीं म्हणूनच आश्रमास मैलापाण्यावरचें शेत जोडलें होतें आणि त्यांत काम करण्यास अंगांत बळ असलेले रोगीच लाविले होते. पुढें जेम्स यांनीं शेताच्या आधीं कुंड घातलें.

कुंडाचें काम वरून दिसावयास सोपें आहे. मैलापाणी एका झांकलेल्या लांबट हौदांत हळूहळू शिरतें. जड भाग तळाशीं गाळ होऊन बसतो, हलका भाग वर येऊन सायीसारखा जाड थर धरतो. मधलें पाणी कांहीं काळ तेथें थांबून दुसऱ्या तोंडानें बाहेर पडतें. हवेचा शिरकाव नसल्यामुळें गाळांत व सायींत असे जीव वाढतात कीं ज्यांस हवा विषासमान आहे. ते घन मळ खाऊन त्याचें पाणी व वायु करतात. या वायूंत पेटणारा मीथेन मुख्य, कार्बनचा वायु त्याखालोखाल, आणि सडक्या अंड्याची घाण देणारा गंधकाचा वायु थोडासा. टाकींत भरलेला मळ असा आपोआप कमी होतो, म्हणून गाळ वरचेवर उपसावा लागत नाहीं.

या क्रियेस ऊब लागते. इंग्लंडांतील हिवाळ्यांत ती मंदावते. मुंबईच्या हवेंत ती बारमाही जोरांत चालते. विलायतेंतील मोजमापें डोळे मिटून येथें लावूं नयेत, पूर्वेकडील हवा, पाणी व लोकांच्या संवयी पाहून कुंडें बांधावीं, हा जेम्स यांच्या प्रतिपादनाचा गाभा आहे. त्यांच्या दोन्ही ग्रंथांच्या नांवांतच पूर्वेचा उल्लेख आहे तो उगाच नव्हे. कॅमरनच्या कुंडाची मुंबईंत नक्कल झाली असें म्हणून जे या कामास दुय्यम ठरवितील त्यांनीं हा भेद लक्षांत घ्यावा. पहिलेपणाचा मान एक्झेटरकडे जातो, आणि तो आपण मुकाट्यानें दिला पाहिजे. पण एक्झेटरनें वायूवर दिवे लाविले, माटुंग्यानें त्यावर एंजिन चालविलें. तें काम लहान नाहीं.

कुंडाची मर्यादाही येथेंच सांगितली पाहिजे, कारण आजच्या नद्यांचें दुखणें तींत आहे. कुंडांतून निघणारें पाणी दिसावयास पातळ झालें तरी शुद्ध झालेलें नसतें. तें काळसर व दुर्गंधीचें असतें, त्यांत रोगजंतु असतात, आणि विरघळलेला मळ एवढा असतो कीं तें ओढ्यांत सोडलें तर ओढ्याच्या पाण्यांतील प्राणवायु तो खाऊन टाकतो व मासे गुदमरून मरतात. त्याचें उरलेलें शुद्धीकरण हवेंत व मातींत व्हावें लागतें. माटुंग्यास शेत होतें म्हणून कुंड पुरें पडलें; कुंडानें अर्धें काम केलें, उरलेलें जमिनीनें. पुढें आपल्या लहान शहरांनीं यांतील कुंड तेवढें उचललें आणि शेत सोडून दिलें. आज घरोघर सेप्टिक टाक्या आहेत, त्यांची निवळ उघड्या गटारांत, गटार नाल्यांत, आणि नाला नदींत. पावसाळ्यांत सर्व वाहून जातें. खरी परीक्षा होते ती माघ-फाल्गुनांत, नदीची धार बारीक झाल्यावर. डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक आहे अशी अधिसूचना केंद्र सरकारनें २० जून १९९१ रोजीं काढली, आणि १९९६ त न्यायमूर्ति चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालीं तालुक्याच्या संरक्षणासाठीं प्राधिकरण नेमलें गेलें. तेव्हां लोकांच्या डोळ्यांपुढें मुख्यतः औष्णिक वीजकेंद्राचा धूर होता. त्याच तालुक्यांतील सूर्येचें पाणी वसई-विरारकडे नळानें गेलें. शंभर वर्षांपूर्वीं तानशाचें गेलें तसेंच. पाणी नेणाऱ्या वस्तीनें तें वापरून झाल्यावर कोठें व कोणत्या स्थितींत सोडावें, याचा जमाखर्च मात्र नळाच्या जमाखर्चाइतक्या काळजीनें कोणी ठेवीत नाहीं.

माटुंग्याची परंपरा मात्र खुंटली नाहीं. १९३७ च्या सुमारास दादरच्या मैलापाणी-शुद्धीकरण केंद्रांत वायु काढण्याचें काम सुरू झालें. दिल्लीच्या कृषिसंशोधन संस्थेंत देसाई यांनीं १९३९ त शेणावर प्रयोग केले. हा भाग इतरत्र विस्तारानें आलेला आहे. आम्हांस विशेष वाटतात ते कोंकणांतील अप्पासाहेब पटवर्धन. कणकवलीच्या गोपुरी आश्रमांत त्यांनीं भंगीमुक्तीच्या दृष्टीनें संडासाचा प्रश्न हातीं घेतला आणि मैल्यापासून खत व वायु करण्याच्या युक्त्या शोधल्या. माटुंग्यास मैल्याचा विचार रोगाच्या भयानें झाला. गोपुरीस तो मैला वाहणाऱ्या माणसाच्या लाजेनें झाला. हेतु निराळे, कुंड एकच.

अप्पांचा वारसा देहूंत पोंचला. डॉ. सुहास विठ्ठल मापुसकर हे १९५९ त, म्हणजे त्या काल्पनिक सनानंतर बरोबर शंभर वर्षांनीं, देहूच्या आरोग्यकेंद्रांत वैद्यकीय अधिकारी म्हणून आले. त्या वेळीं इंद्रायणीचा कांठ हाच गांवाचा संडास होता, आणि त्याच कांठीं वारकऱ्यांची गर्दी लोटे. डॉक्टरांनीं प्रथम बसविलेले संडास लौकरच निकामी झाले. त्यावर ते अप्पासाहेबांकडे जाऊन शिकून आले, व पुढें मानवी मैल्यावर चालणारें 'मलप्रभा' नांवाचें वायुकुंड त्यांनीं बसविलें. सार्वजनिक संडासाशीं जोडलेल्या अशा कुंडाच्या वायूवर गांवांत चूल पेटली. वायूच्या चुलीवर अन्न शिजविण्यास लोकांचें मन वळविणें हें बांधकामापेक्षां अवघड होतें, हें ज्यास आपला समाज ठाऊक आहे त्यास वेगळें सांगणें नको. २००४ त गांव हागणदारीमुक्त झाला. १९५९ पासून मोजल्यास पंचेचाळीस वर्षें. मापुसकर २०१५ त वारले. २०१७ त त्यांस मरणोत्तर पद्मश्री देण्यांत आली. देहूनें आपला मळ आवरला तरी इंद्रायणी आवरली नाहीं. अलीकडील वर्षांत आळंदीच्या घाटावर वारीच्या तोंडावरसुद्धां पाण्यावर पांढरा फेंस तरंगतांना लोकांनीं पाहिला आहे. तो वरच्या अंगाच्या शहरांचा व कारखान्यांचा.

आतां संग्राहकांस विनंति. आक्वर्थांच्या पोवाड्यांचे कागद आपण जिवापाड जपतों, आणि त्यांच्याच कचेरींतून निघालेले गटारांचे नकाशे व ताळेबंद मात्र रद्दींत शेरावर विकले जातात. १८९० ते १८९८ या वर्षांचे मुंबई म्युनिसिपल कमिशनरचे वार्षिक अहवाल, जेम्स यांच्या १९०२ व १९०६ च्या ग्रंथांच्या नकाशांसह पूर्ण प्रती, आश्रमाच्या शेताच्या मोडी अगर बाळबोध हिशेबवह्या, आणि तेथें राबणाऱ्या रोग्यांच्या हजेरीचे कागद यांपैकीं कांहींही कोणाच्या संग्रहीं असल्यास त्यांनीं त्याची यादी मंडळाकडे पाठवावी. वडाळ्याच्या रुग्णालयाच्या आवारांत या आश्रमाचें संग्रहालय आहे. ज्यांस मूळ कागद देऊन टाकावयाचे असतील त्यांनीं ते तेथें द्यावे. हजेरीच्या कागदांस आमच्या मतें पहिला मान आहे. आक्वर्थ व जेम्स यांचीं नांवें पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर आहेत. त्या शेतांत वाफे बांधणाऱ्यांचीं तेवढ्या एका ठिकाणींच सांपडतील.